'ड' जीवनसत्त्व: नाशिकने शंभर वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर

"आपल्याकडे एवढं ऊन, मग 'ड' जीवनसत्त्व कमी कसं?" हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. त्याचं उत्तर जुनं आहे.

मुडदूस या आजारात मुलांची हाडं मऊ राहतात, पाय वाकतात. पोलंडमधल्या डॉ. श्न्यादेत्स्की यांनी १८२२ मध्येच लिहिलं होतं की वॉर्सा शहरातल्या मुलांना तो जास्त होतो, खेड्यातल्यांना क्वचित. म्हणून मुलांना ऊन द्या. १९१९ मध्ये इंग्लंडच्या मेलनबींनी आहारात कॉड माशाचं तेल देऊन कुत्र्याच्या पिल्लांचा मुडदूस टाळला, तर बर्लिनच्या हुल्डशिन्स्कींनी नुसत्या अतिनील दिव्याने मुलं बरी केली. मग कमी कशाची, अन्नाची की उन्हाची?

१९२२ मध्ये हचिसन आणि शहा या डॉक्टरांचा नाशिकमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. निकृष्ट आहारावर जगणाऱ्या, पण उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत मुडदूस दिसत नव्हता. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या बायका-मुलांत मात्र तो होता.

पुढे उलगडा झाला: माशाच्या तेलात असलेलं 'ड' जीवनसत्त्व उन्हामुळे आपल्या त्वचेतही तयार होतं.

आज पडद्याची जागा फ्लॅट, गाडी आणि ऑफिसने घेतली आहे. बंद काचेतून येणारं ऊन त्वचेला तापवतं, पण 'ड' तयार करणारे किरण काच अडवते. तेव्हा रोज थोडं मोकळ्यावर जा. हाडं दुखत असतील, जिना चढताना मांड्यांत ताकद वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनाने घेऊ नका. अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.