तगादा

मुळशीतल्या पिरंगुटला एका कुलूपबंद फ्लॅटच्या दारावर, सुकलेल्या तोरणाखाली, बँकेची मागणी नोटीस चिकटवलेली पाहिली. भाषा सगळी कायद्याची. गावात अशा नोटिशीला एकच शब्द, तगादा. मूळ अरबी, फारसीत ‘तकाझा’ होऊन मराठीत आला. ‘कझा’ म्हणजे निवाडा, फेड. काझी आणि कज्जा हे त्याच घरातले. म्हणजे तगाद्याच्या पोटात निवाडा पहिल्यापासून आहे. 2002च्या सरफेसी कायद्याने मात्र तो कोर्टाबाहेर आणला: कलम 13(2)ची नोटीस, 60 दिवसांची मुदत, मग तारणाचा ताबा. कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत कारणासह उत्तर द्यावं लागतं. हरकत जरूर घ्यावी. आणि मुळशीकरांनो, शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही.