थील–स्मॉल मापदंड

थील–स्मॉल मापदंड : ध्वनिक्षेपकाचा (स्पीकरचा) ड्रायव्हर कमी कंप्रतेला कसा वागतो ते सांगणारा मोजमापांचा संच. शंकू, कॉइल, स्पायडर (कॉइल मध्यभागी धरणारी लवचिक चकती) आणि चुंबक मिळून होणारा सुटा भाग म्हणजे ड्रायव्हर. पेटीत बसल्यावर त्याचा घरगुती स्पीकर होतो. पेटी किती लिटरची हवी, ती बंद ठेवायची की तिला नळी द्यायची आणि खर्ज कुठवर उतरेल, हे या आकड्यांवरून लाकूड कापण्याआधीच काढता येते.

इतिहास : हलत्या कॉइलचा आधुनिक ध्वनिक्षेपक राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला. पेटीचे माप मात्र पुढे कित्येक वर्षे बहुतांशी अंदाजाने व करून-पाहून ठरे. ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये नळीच्या पेटीला विद्युत् गाळणीचे गणित लावून दाखवले. तो निबंध १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापला गेला आणि मगच सर्वत्र पोचला. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मधील निबंधमालेत ते काम पूर्णत्वास नेले. दोघांच्या नावांवरून हा संच ओळखला जातो.

मुख्य आकडे : (१) एफएस – मोकळ्या हवेत शंकू सर्वांत सहज थरथरतो ती कंप्रता, म्हणजे अनुस्पंदन कंप्रता. (२) क्यूटीएस – त्या थरथरीला एकूण किती लगाम आहे याचे माप. चुंबक जोरदार असला की हा आकडा उतरतो. विद्युत् लगामाचा क्यूईएस आणि यांत्रिक लगामाचा क्यूएमएस मिळून तो बनतो. (३) व्हीएएस – शंकूला धरून ठेवणाऱ्या टांगणीइतकीच लवचिक असणारी हवा किती लिटर, ते घनफळ. (४) आरई – कॉइलचा एकदिश रोध. (५) एक्समॅक्स – आवाज न बिघडता शंकू किती मिलिमीटर पुढेमागे जाऊ शकतो ती मर्यादा.

घरच्या घरी मोजणी : तिसगाव (ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर) यासारख्या बाजाराच्या गावातल्या हौशी माणसाला ड्रायव्हर पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणता येतो, आणि पेटी गावातला सुतार करून देतो. बाजारात ड्रायव्हर विकला जातो तो इंच, वॉट आणि चुंबकाच्या आकारावर. या तिन्हींवरून पेटीचे माप निघत नाही. सोबत तक्ता नसेल तर आकडे स्वतः काढता येतात.

त्यासाठी मोबाइलमधील टोन जनरेटर, अ‍ॅम्प्लिफायर, १,००० आणि १० ओहमचे दोन रोधक आणि मल्टिमीटर पुरतात. १,००० ओहमचा रोधक अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये एकसर जोडावा आणि मीटर ड्रायव्हरच्या दोन टोकांवर लावावा. अगदी स्वस्त मल्टिमीटरवर एसीची सर्वांत खालची पट्टी २०० व्होल्टची असते. इथले मिलिव्होल्ट त्यावर दिसत नाहीत, म्हणून एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर घ्यावा. ड्रायव्हर टेबलावर पालथा न ठेवता मोकळ्या हवेत उभा धरावा. ड्रायव्हरच्या जागी आधी १० ओहमचा रोधक जोडून अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज असा लावावा, की मीटरवर १०० मिलिव्होल्ट दिसतील. म्हणजे दर ओहमला १० मिलिव्होल्ट झाले.

उदाहरणादाखल साडेसहा इंची ड्रायव्हर घेऊ. त्याचा आरई ६ ओहम आहे. टोन हळूहळू चढवत नेल्यावर ४५ हर्ट्झला मीटर ५४० मिलिव्होल्टचे, म्हणजे ५४ ओहमचे शिखर गाठतो. एफएस ४५ झाली. ५४ भागिले ६ म्हणजे ९. त्याचे वर्गमूळ ३. म्हणून ६ च्या तिप्पट, १८ ओहम, शिखराच्या दोन्ही बाजूंना कुठे येतात ते पाहावे. ते ३० आणि ६७.५ हर्ट्झला आले. या दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ ४५ येते, म्हणजे मोजणी बरोबर आहे. आता ४५ गुणिले ३, भागिले ३७.५ (दोहोंतील फरक), म्हणजे क्यूएमएस ३.६, त्याला ९ वजा १ ने भागून क्यूईएस ०.४५, आणि दोन्ही मिळून क्यूटीएस ०.४०. तोच ड्रायव्हर १० लिटरच्या हवाबंद खोक्यावर बसवल्यावर शिखर ७८ हर्ट्झला सरकले, तर व्हीएएस सुमारे २० लिटर निघतो.

पेटीची निवड : एफएसला क्यूईएसने भागून कल कळतो. ५० च्या आसपास उत्तर आले तर बंद पेटी, १०० च्या आसपास आले तर नळीची. इथे उत्तर १०० आहे. या ड्रायव्हरला बंद पेटी दिल्यास ९.४ लिटर पुरतात, पण ८० हर्ट्झखाली आवाज ओसरतो. नळीची पेटी १९.४ लिटरची होते आणि खर्ज ४५ हर्ट्झच्या आसपास उतरतो. त्यासाठी ५ सेंमी. आतल्या व्यासाची, सुमारे ११ सेंमी. लांबीची नळी लागते. पेटीचे आतले माप २२ × २७ × ३४ सेंमी. ठेवले तर २०.२ लिटर भरतात. त्यातले पाऊण-एक लिटर ड्रायव्हर, नळी आणि आधारपट्ट्या व्यापतात. सुताराला माप देताना ते आतले की बाहेरचे, हे स्पष्ट सांगावे. १८ मिमी. प्लायवूड वापरल्यास दोहोंत प्रत्येक मापात ३.६ सेंमी. फरक पडतो.

मर्यादा : हे आकडे कमी आवाजाचे असतात. आवाज वाढवल्यावर कॉइल तापते, टांगणी ताठरते आणि वर्तन बदलते. गाणाऱ्याचा आवाज कसा येईल आणि ट्विटरशी (उंच स्वरांच्या छोट्या ड्रायव्हरशी) जुळणी यांबद्दल ते काही सांगत नाहीत. त्यासाठी मायक्रोफोनने वेगळी मोजणी करावी लागते. खोलीचाही हिशेब वेगळा : १० फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे ५६ हर्ट्झच्या आसपास खर्ज कुठे फुगतो, कुठे गायब होतो. स्लॅब आणि फरशीच्या खोलीत हे अधिक जाणवते. कॉइल जळाल्यावर शंकू बदलून दुरुस्त केलेल्या ड्रायव्हरला जुना तक्ता लागू राहत नाही, कारण शंकूचे वजन आणि टांगणी दोन्ही बदललेली असतात. असा ड्रायव्हर नवा समजून पुन्हा मोजावा आणि प्लायवूड त्यानंतरच कापावे.