आंतरराष्ट्रीय कराराचा वैधानिक संदर्भ

देशाच्या कायद्यात कोणता आंतरराष्ट्रीय करार व त्याचा किती भाग अभिप्रेत आहे, हे निश्चित करणारी तरतूद.

उगम : करारामुळे नागरिकांच्या हक्कांत किंवा प्रचलित कायद्यात बदल होणार असल्यास भारतात स्वतंत्र कायदा लागतो. तो करण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २५३ नुसार संसदेला आहे. संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा करार (सायटीस) भारतास १९७६ पासून लागू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये त्यासाठी प्रकरण ५बी २०२२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झाले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहे.

वैशिष्ट्ये : कलम ४९डी मधील व्याख्येत कराराचे नाव, स्वाक्षरीचे स्थळ व दिनांक (वॉशिंग्टन, ३ मार्च १९७३) आणि बॉन येथील दुरुस्ती (२२ जून १९७९) नमूद आहे. परिशिष्टे, निर्णय, ठराव व नंतरच्या दुरुस्त्याही तीत मोडतात; मात्र भारतावर बंधनकारक असतील तेवढ्याच. जैवविविधता अधिनियम, २००२ मध्ये रिओ दि जानेरो येथील कराराचा उल्लेख प्रास्ताविकेत येतो (पहा : जैवविविधता करार).

महत्त्व : उदाहरणार्थ, चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रवेशद्वार आहे (पहा : ताडोबा राष्ट्रीय उद्यान). तेथील वाघाचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये व सायटीसच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. शिकारीस अधिनियमाने बंदी असून, अवयवांच्या सीमापार व्यापारास कराराची बंधनेही लागू होतात. त्या बंधनांची कायदेशीर व्याप्ती कलम ४९डी मधील व्याख्येने ठरते (पहा : वाघ, वन्यजीव संरक्षण).