दोघींचं एक मेडल

14 ऑक्टोबर 2010. मी आठवीत होतो, साक्रीला. नवरात्र चालू होतं आणि दिल्लीच्या कॉमनवेल्थ गेम्सचा शेवटचा दिवस होता. लाइट होती हे आमचं नशीब. त्या दिवशीची सायना नेहवालची फायनल सगळ्यांना आठवते. पण त्याच दिवशी ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी सिंगापूरच्या जोडीला 21-16, 21-19 असं हरवून डबल्सचं गोल्ड घेतलं होतं, हे ऑफिसात कुणाला विचारून बघा. दहातले आठ जण "हो का?" म्हणतात.

आमच्या शेजारचे आप्पा मॅच बघायला आले होते. त्यांचा पहिला प्रश्न, "दोन जनीस्मा एकच मेडल का रे भो?"

मेडल दोघींना वेगवेगळं मिळतं, हे मी त्यांना समजावलं. तक्त्यात मात्र ते एकच धरतात. भारताची गोल्ड झाली 38, इंग्लंडची 37. डबल्सचं एक काढून टाका, बरोबरी होते आणि सिल्व्हरमध्ये इंग्लंड कितीतरी पुढे असल्यामुळे आपण तिसरे. म्हणजे त्या दुसऱ्या नंबरात या दोघींचा वाटा सायनाएवढाच! असो.

तेव्हापासून ज्वालाचा नाद लागला. पुढे कळलं की बाई जन्माने आपल्या वर्ध्याची. 7 सप्टेंबर 1983. वडील तेलुगु, आई येलन चिनी. आता वर्ध्यात चिनी आई कुठून आली? तर गांधीजींमुळे. आईच्या घराण्यातले त्सेंग हे सिंगापूरच्या एका चिनी वर्तमानपत्राचे संपादक. टागोर आणि गांधी यांच्याकडे शिकायला ते भारतात आले. गांधीजींनी त्यांना 'शांतिदूत' असं नाव दिलं. पुढे 1977 मध्ये येलन आपल्या आजोबांबरोबर भारतात आल्या, त्या गांधीजींचं आत्मचरित्र चिनी भाषेत आणण्याच्या कामासाठी. अनुवादासाठी आलेली मुलगी इथेच संसाराला लागली आणि तिची लेक शटल मारायला लागली. एखाद्या कादंबरीत हे वाचलं असतं तर मी लेखकाला नावं ठेवली असती.

ज्वाला वाढली हैदराबादला. तिथे एस. एम. आरिफ सरांच्या हाताखाली ती तयार झाली. हे तेच आरिफ, ज्यांनी पुलेला गोपीचंदलाही शिकवलं. 13 वर्षांखालच्या मुलींची मिनी नॅशनल तिने त्रिशूरला जिंकली. सन 2000 मध्ये, सतराव्या वर्षी, ज्युनियर नॅशनल चॅंपियन झाली. त्याच वर्षी श्रुती कुरियनबरोबर ज्युनियर डबल्स आणि सीनियर डबल्सही.

इथे थोडं थांबू. सतरा वर्षांची मुलगी, एकेरीत देशातली ज्युनियर चॅंपियन. आपल्याकडे अशा वेळी घरचे, शेजारचे, सगळे एकच सांगतील, सिंगल्स खेळ. आपलं बॅडमिंटनचं सगळं कौतुक सिंगल्सवर पोसलेलं. नंदू नाटेकर, प्रकाश पदुकोण, गोपीचंद. नाटेकर डबल्समध्येही अनेकदा राष्ट्रीय विजेते होते, पण ते कोण सांगतं? 1978 च्या एडमंटन कॉमनवेल्थमध्ये अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग यांनी डबल्सचं ब्रॉंझ आणलं. 1982 च्या एशियाडमध्ये लेरॉय डिसा आणि प्रदीप गंधे यांनी आणलं. ही नावं क्विझमध्येसुद्धा येत नाहीत. ज्वालाने हे माहीत असून डबल्स धरलं, आणि 2002 ते 2008 अशी सलग सात वर्षं ती आणि श्रुती राष्ट्रीय विजेत्या राहिल्या. सात वर्षं! आमच्या क्षेत्रात एका टीममध्ये दोन वर्षं काढली तर लोक विचारतात, "बरा आहेस ना?"

जोडीने खेळायचं म्हणजे काय, हे चीनकडे बघून नीट कळतं. बर्फावरचं पेअर स्केटिंग घ्या. 1980 साली याओ बिन आणि लुआन बो ही चिनी जोडी डॉर्टमंडच्या वर्ल्ड चॅंपियनशिपला गेली. फोटो बघून बघून शिकलेले लोक. शेवटचा नंबर आला, प्रेक्षक हसले. मग हाच याओ बिन कोच झाला. 1992 मध्ये हार्बिनची शेन श्वे आणि झाओ होंगबो यांची जोडी जमली. शेन तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, झाओ तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. 1994 च्या वर्ल्डमध्ये एकविसावे. 2002 मध्ये जगज्जेते, 2010 ला व्हॅंकुव्हरमध्ये ऑलिंपिक गोल्ड. अठरा वर्षं एकच जोडीदार. तिथे जोडीचा खेळ दुय्यम मानत नाहीत. बॅडमिंटनच्या डबल्सलाही त्यांनी तसंच वाढवलं.

ज्वालाच्या वाट्याला ते सुख नव्हतं. त्यात 2006 साली नियमच बदलले. आधी 15 पॉइंटचा गेम होता, सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट, आणि डबल्समध्ये एका जोडीला दोन सर्व्हिस. म्हणजे एकीची गेली तरी दुसरी सांभाळून घ्यायची. नवीन पद्धतीत 21 पॉइंट, प्रत्येक रॅलीला पॉइंट आणि सर्व्हिस एकच. चुकली की थेट समोरच्याच्या खात्यात. सात वर्षांच्या त्या सिलसिल्यात मधेच हा बदल आला आणि तरी यांचं नाव हललं नाही. चालू सिस्टिमचं मायग्रेशन केलेल्यांना यातली गंमत कळेल :)

मिक्स्ड डबल्समध्ये तिचा जोडीदार केरळचा व्ही. डिजू. मिक्स्डचा ठरलेला आराखडा म्हणजे बाई नेटजवळ, पुरुष मागे. ज्वाला डावखुरी, आणि तिचा स्मॅश असा की ती मागे राहिली तरी समोरच्यांची पंचाईत. 2009 मध्ये या दोघांनी चायनीज तैपेईची ग्रां प्री गोल्ड जिंकली आणि डिसेंबरात सुपर सीरिज मास्टर्सची फायनल गाठली. तिथे डेन्मार्कच्या जोडीकडून हरले. मला स्वतःला ती फायनल दिल्लीच्या गोल्डपेक्षा मोठी वाटते, कारण तिथे फक्त जगातल्या निवडक जोड्या येतात.

आम्ही साक्रीला शाळेच्या मैदानात खेळायचो. तालुक्यात पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या, शटल मारलं एकीकडे की पडायचं दुसरीकडे. वाऱ्याच्या बाजूचा भिडू मागे, विरुद्ध बाजूचा पुढे, असं आपोआप ठरायचं. माझा जोडीदार पुढे डिप्लोमाला नाशिकला गेला आणि माझं बॅडमिंटन तिथेच संपलं. एकटा खेळून पाहिलं, जमलं नाही.

ऑगस्ट 2011, लंडन. वर्ल्ड चॅंपियनशिपमध्ये ज्वाला आणि अश्विनी सेमीफायनलला पोचल्या आणि चीनच्या तिअन छिंग आणि झाओ युनलेई यांच्याकडून हरल्या. तिथे सेमीफायनल हरणाऱ्यांना ब्रॉंझ मिळतं. त्याआधी भारताला या स्पर्धेत एकच मेडल होतं, प्रकाश पदुकोणचं ब्रॉंझ, 1983 चं. ज्वाला जन्मली तेच वर्ष.

मी धावत आप्पांकडे गेलो. या वेळी तिसऱ्या नंबरची मॅचच नसते, ब्रॉंझ दोन जोड्यांना देतात, म्हणजे एकूण चौघींना, असं सगळं नीट सांगितलं. आप्पांनी हात जोडले आणि चहा मागवला.