प्रद्योताच्या हत्तीचं गणगोत

अमेरिकेतल्या गावांमध्ये मिरवणुकीत कधी कधी हवाई दलाचं विमान रस्त्यावरून चालत येतं. उंची जेमतेम माणसाएवढी, रंग खऱ्या विमानाचा करडा, शेपटीवर खऱ्या तुकडीचं चिन्ह. कॉकपिटच्या जागी उघडं भोक आणि त्यातून गणवेशातल्या जवानाचं डोकं नि खांदे वर आलेले. खाली बहुधा गोल्फच्या मैदानावर फिरते तसली छोटी गाडी असते. तिच्यावर नळ्यांचा सांगाडा, सांगाड्यावर प्लायवूड आणि फायबरग्लास. अशी विमानं पुष्कळदा तळावरच्या तंत्रज्ञांनीच हौसेनं बनवलेली असतात. सी-१७, सी-५, सी-१३० या अजस्र मालवाहू विमानांच्या अशा चालत्या पिल्लावळी अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकड्यांनी पाळल्या आहेत. पोरं विमानामागे धावतात, आईबाप फोटो काढतात आणि जवळच भरतीचा माणूस माहितीपत्रकं घेऊन उभा असतो.

याचं कूळ शोधत मागे मागे गेलं, तर माग थेट उज्जैनला येऊन पोचतो.

अवंतीचा राजा प्रद्योत हा बुद्धाच्या काळातला, राजधानी उज्जयिनी. त्याला वत्सदेशाचा राजा उदयन जिवंत हवा होता. उदयनाचं वेड जगजाहीर होतं: रानटी हत्तींना वीणा वाजवून वश करायचं. त्या काळी हत्ती म्हणजे सैन्यातलं सगळ्यात महागडं, सगळ्यात धाक बसवणारं हत्यार. प्रद्योताच्या कारागिरांनी लाकडाचा हत्ती बनवला, त्यावर कापडाच्या पट्ट्या चढवल्या, रंग दिला आणि पोटात माणसं बसवून तो रानात सोडला. धम्मपदाच्या पाली अट्ठकथेत ही माणसं साठ आहेत. ती आतून हत्ती चालवतात आणि अधूनमधून खरी लीददेखील खाली टाकतात. सोंग वठवायचं तर असं! उदयन वीणा घेऊन पुढे झाला, हत्ती लांब लांब पळत गेला, राजाची फौज मागे राहिली आणि दबा धरून बसलेल्या सैन्यानं राजाला धरलं. भासाच्या ‘प्रतिज्ञायौगंधरायण’ नाटकात हीच गोष्ट निळ्या हत्तीची होऊन येते. पुढे उदयन कैदेत राजकन्या वासवदत्तेला वीणा शिकवतो आणि तिच्यासकट पळून जातो, पण तो प्रेमाचा भाग. आपलं काम हत्तीशी.

ही झाली कथा, इतिहासाचा कागद नव्हे. तरी ज्यानं कोणी ती पहिल्यांदा रचली त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. युद्धातलं यंत्र ज्याला मनापासून आवडतं, त्याला ओढून आणायला खरं यंत्र लागत नाही. हुबेहूब दिसणारं आणि जागचं हलणारं सोंग पुरतं. मिरवणुकीतल्या त्या विमानाची सगळी विद्या एवढीच. फरक इतकाच की प्रद्योताला एक राजा पकडायचा होता आणि भरती अधिकाऱ्याला गावोगावची सतरा-अठरा वर्षांची पोरं हवी असतात.

माळव्यात यंत्रांची आवड पुढेही टिकली. अकराव्या शतकात धारचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात पाऱ्याच्या जोरावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचं वर्णन येतं. त्यावरून आपल्याकडे तेव्हाच विमानं उडत होती असं सांगणारे संदेश फोनवर फिरतात. त्यांच्याकडे काणाडोळा केलेला बरा. ग्रंथकार स्वतःच म्हणतो की यंत्रं कशी घडवायची ते गुप्त राहावं म्हणून पूर्ण सांगितलेलं नाही. म्हणजे हाती राहतं ते वर्णन, विमान नव्हे.

सोंग आणि सैन्यभरती यांची थेट गाठ पडली ती बरीच नंतर, न्यूयॉर्कमध्ये. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा नौदलाला खलाशी मिळेनात. मग नौदलानं शहराच्या मध्यात, युनियन स्क्वेअर या चौकात, लाकडाची युद्धनौका उभी केली. लांबी सुमारे २०० फूट, तोफा लाकडी, नाव ‘रिक्रूट’. नौकेवर खरे खलाशी राहायचे, खऱ्या जहाजावरच्यासारखा दिनक्रम पाळायचे, लोकांना वर घेऊन सगळं दाखवायचे. १९२० मध्ये ती मोडली तोवर सुमारे २५ हजार माणसं तिच्यामार्फत भरती झाली होती, असं सांगतात. समुद्राचं पाणी न पाहिलेल्या जहाजाच्या मानानं ही कामगिरी जबरच म्हणायची. मात्र हे जहाज एका जागी खिळलेलं होतं. प्रद्योताच्या हत्तीतला चालण्याचा गुण त्याच्यात उतरला नव्हता.

त्याच सुमारास विमान नावाचं नवं यंत्र लढाईत आलं होतं आणि त्याची भुरळ जहाजापेक्षा कितीतरी मोठी होती. न्यूयॉर्क राज्यातच, बिंगहॅम्टन गावी, एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. जमिनीवर बसूनच उडायला शिकता यावं म्हणून लिंकनं ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून आखूड पंखांचं एक बुटकं विमान केलं. भात्यांत हवा भरली-सोडली की ते डुलायचं, वळायचं, नाक खाली करायचं. १९२९ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, पण वैमानिकी शिकवणाऱ्यांनी त्याला भाव दिला नाही. मग ही यंत्रं गेली कुठे, तर करमणुकीच्या बागांत, नाणं टाकून बसायच्या खेळण्यांत! १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे टपाल नेण्याचं काम आलं. ढगांत, धुक्यात नुसत्या उपकरणांवर विसंबून उडायची सवय नसलेले वैमानिक एकामागून एक मेले, तेव्हा कुठे सैन्यानं लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे लाखो वैमानिक या निळ्या खोक्यात बसून शिकले. जत्रेतलं खेळणं सैन्यात गेलं ते असं. मिरवणुकीतलं छोटं विमान म्हणजे त्याचा परतीचा प्रवास: सैन्यातून पुन्हा जत्रेत.

या परतीला कारण घडलं. १९७३ मध्ये अमेरिकेनं सक्तीची भरती बंद केली. तोवर सरकार हुकूम काढून पोरं बोलवायचं. आता सैन्याला त्यांच्या दारात जावं लागलं. खरं विमान दारात जात नाही. सी-१७ च्या पंखांचा पसारा १७० फुटांच्या आसपास. त्याला धावपट्टी हवी, गल्ली चालत नाही. विजेच्या तारा, झाडं, दुकानांच्या पाट्या यांतून निघायचं तर विमानानंच लहान व्हायला हवं.

आपल्याकडे हेच गणित दिल्लीच्या कर्तव्यपथावर दिसतं. प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथाला साधारण ४५ फूट लांबी आणि १४ फूट रुंदीची मर्यादा असते. राफेलच्या पंखांचा पसाराच ३५ फुटांच्या वर. म्हणून २०२२ मध्ये हवाई दलाच्या चित्ररथावर नॅट, मिग-२१ आणि राफेल आले ते आकार घटवून, आणि त्या चित्ररथावर भारतातल्या राफेलच्या पहिल्या महिला वैमानिक शिवांगी सिंह उभ्या होत्या. वर्षभर आधी, २०२१ मध्ये, तिथेच लढाऊ वैमानिक भावना कांत होत्या. विमानं नकली, वैमानिक मात्र खऱ्या. माझ्या मते भरतीच्या दृष्टीनं ही जोडी अमेरिकी गोल्फगाडीपेक्षा सरस आहे. टीव्हीसमोर बसलेल्या मुलीला यंत्रापेक्षा ते चालवणारी बाई दिसणं जास्त मोलाचं.

याशिवाय हवाई दलाच्या ‘दिशा’ या भरती-प्रसिद्धी विभागाच्या बसगाड्या शाळा-कॉलेजांतून फिरतात. आत सिम्युलेटर असतं, मुलं रांग लावून त्यात बसतात. २०१४ आणि २०१९ मध्ये हवाई दलानं मोबाइलवर लढाऊ विमानाचे खेळही आणले. हत्ती आकसत आकसत खिशात मावला. क्षिप्रेकाठी कार्तिक मेळ्यात पत्र्याच्या विमानात गोल गोल फिरणाऱ्या उज्जैनच्या पोराच्या खिशात, आई-बाबांचा फोन हाती लागला तर, सुखोईसुद्धा असते.

सोंगाला माझा आक्षेप नाही. उदयनाची फसवणूक झाली, कारण त्याला पुढचं काही सांगितलं नव्हतं. आपल्या मुलांना ते सांगता येतं आणि ते घरच्यांनीच वेळेवर सांगायला हवं, कारण बसगाडी शाळेत येते तेव्हा कित्येकदा उशीर झालेला असतो. खडकवासल्याच्या एनडीएत हवाई दलासाठी जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. म्हणजे निर्णय दहावीनंतरच घ्यावा लागतो. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि २०२१ पासून मुलींनाही देता येते. अग्निवीर म्हणून गेलं तर नोकरी चार वर्षांची, आणि पुढे कायम होणारे २५ टक्क्यांपर्यंतच.

वैमानिक व्हायचं तर आणखी एक नकली कॉकपिट वाटेत येतं. निवडीच्या वेळी संगणकावरची चाचणी असते. दांडा, पेडल आणि पडदा यांच्याशी उमेदवाराचे हात, पाय, डोळे किती जुळतात ते ती पाहते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत नापास झालेल्याला हवाई दलात दुसरी कामं मिळू शकतात, वैमानिकाचं मिळत नाही.