गृहिणीची हंडी आणि शास्त्रज्ञाचा तराजू

संस्कृतांत 'सूप' हा शब्द वरणाला किंवा कढणाला लावीत आणि स्वयंपाक करणाराला 'सूपकार' म्हणत. युरोपांतील 'सूप' या शब्दाचा कुलवृत्तान्त निराळा आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून दोघांचें नातें जुळविण्याचें कारण नाहीं. फ्रान्समध्यें तर हें मुळांत पातळ पदार्थाचें नांवच नव्हतें. भांड्यांतील कढत रस ज्या पावाच्या तुकड्यावर ओतावयाचा, त्या तुकड्याला सूप म्हणत. शिळा, कडक झालेला पाव आणि वर ऊन ऊन रस, हेंच शेतकऱ्याचें रात्रीचें जेवण; म्हणून रात्रीच्या जेवणालाही त्याच शब्दापासून नांव पडलें.

हा रस ज्या भांड्यांत तयार होई त्याचें नांव 'पोतोफ'. शब्दार्थ इतकाच कीं, विस्तवावरचें भांडें. खोल मातीच्या भांड्यांत थंड पाणी घ्यावयाचें, त्यांत गोमांसाचा स्वस्तांतला चिवट तुकडा आणि एखादें नळीचें हाड सोडावयाचें व भांडें चुलीच्या मध्यावर न ठेवतां कडेला, निखाऱ्यांच्या उबेंत ठेवावयाचें. वर आलेला फेस काढून टाकला कीं गाजरें, सलगम, कांद्याची पात, लवंग टोंचलेला एक कांदा आणि मीठ. यापुढें गृहिणीनें सांभाळावयाचें तें एवढेंच कीं, पाण्याला खळखळून उकळी फुटतां कामा नये. तीन-चार तास, कधीं त्याहूनही अधिक, भांडें नुसतें हळूहळू हलत राहतें. मग अगोदर रस पावावर ओतावयाचा, मागाहून मांस आणि भाज्या मिठाबरोबर व मोहरीबरोबर वाढावयाच्या, आणि उरलेलें दुसऱ्या दिवशीं निराळ्या रूपानें पानांत यावयाचें. आपल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या भांड्यांत रविवारीं कोंबडी शिजावी, अशी चौथ्या हेन्री राजाची इच्छा होती असें सांगतात. ही आख्यायिका लिहिली गेली ती राजाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं. पण राज्य सुखी आहे कीं नाहीं याची कसोटी घरच्या हंडीवरून लावावी, हें त्या देशाला पटलें यांत नवल नाहीं.

या साध्या भांड्याला मोठा मान दिला तो एका मोठ्या स्वयंपाक्यानें. करेम हा टॅलेराँचा आणि इंग्लंडच्या युवराजाचा पाचक. साखरेचे राजवाडे उभारण्यांत त्याचा हातखंडा होता. फ्रेंच पाककलेवरील त्याचा शेवटचा ग्रंथ १८३३ सालीं प्रसिद्ध होऊं लागला. त्याच्या आरंभीं राजांच्या मेजवान्या नाहींत, सामान्य घरांतील पोतोफचें विवेचन आहे. रसायनशास्त्राचें अक्षरही ठाऊक नसलेली गृहिणी थंड पाण्यापासून आरंभ करते, उष्णता हळूहळू वाढूं देते आणि नकळत रसायनज्ञाचेंच काम करते, असें त्याचें म्हणणें. तें खरेंही आहे. चिवट मांसांतील तंतू व पडदे मंद आंचेवर पुष्कळ वेळानें विरघळून रसाला दाटपणा आणतात. घाईनें उकळलें तर रस गढूळ होतो आणि मांस चोथा होऊन बसतें.

परंतु ही हंडी तिच्या मालकिणीच्या हातून काढून घेऊन तिचा हिशेब मांडण्याचा उद्योग करेमच्या पूर्वींपासूनच चालू होता. दनी पापँ या फ्रेंच वैद्यानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें घट्ट झांकणाचें एक पात्र मांडलें. आंत कोंडलेल्या वाफेच्या दाबानें कठीण हाडेंही त्यांत मऊ होत, आणि भांडें फुटूं नये म्हणून त्याला वाफ सोडणारी झडप होती. आजचा प्रेशर कुकर हा त्याचाच वंशज. १६८२ च्या एप्रिलमध्यें सोसायटीच्या सभासदांना या पात्रांत शिजलेलें जेवण मिळालें व जॉन एव्हलिननें आपल्या रोजनिशींत त्याची मोठ्या कौतुकानें नोंद केली. फेंकून दिलेल्या हाडांतून गरिबांचें पोट भरावें, ही पापँची आशा होती.

त्या हाडांचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसमध्यें दार्से नांवाच्या रसायनज्ञानें हाडांतील जिलेटिन वेगळें काढण्याच्या युक्त्या पूर्णत्वास नेल्या. तर्क असा होता कीं, चांगला रस थंड झाल्यावर गोठतो, तो जिलेटिनमुळें गोठतो. तेव्हां रसाचें सारें पोषण जिलेटिनांतच असलें पाहिजे. मग मांस कशाला हवें? धर्मादाय संस्थांत व रुग्णालयांत हाडांच्या जिलेटिनचा रस शिजूं लागला. खाणारे कुरकुर करूं लागले, डॉक्टर साशंक झाले, आणि अखेर शास्त्रज्ञांच्या अकादमीनें माजाँदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं समिती नेमली. समितीनें कित्येक वर्षें कुत्र्यांवर प्रयोग करून १८४१ सालीं निकाल दिला: नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाहीं. त्याचें कारण आज शाळेंतील मुलांनाही सांगतां येईल. शरीराला जीं आवश्यक अमायनो आम्लें बाहेरूनच घ्यावीं लागतात, त्यांपैकीं ट्रिप्टोफॅन जिलेटिनांत मुळींच नसतें. घरच्या भांड्यांत हाडाबरोबर मांस होतें, भाजी होती, खालीं पाव होता. हाडाचा उपयोग गृहिणीला चांगला ठाऊक होता. पण हाडावर कोणाला जगविण्याचा प्रयत्न तिनें कधीं केला नव्हता.

हाडांच्या नादीं न लागतां दुसरा मार्ग धरला तो बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड यानें. जन्मानें अमेरिकन, पक्षानें इंग्रज आणि चाकरीनें बव्हेरियाचा, असा हा विलक्षण मनुष्य. १७९० च्या पहिल्या जानेवारीला त्यानें म्युनिक शहरांतील भिकारी एकाच दिवशीं पकडले, त्यांना उद्योगगृहांत काम दिलें आणि जेवूं घातलें. त्याच्या सुपांत जव, वाळलेले वाटाणे, बटाटे, व्हिनेगर, मीठ आणि पाव एवढेंच असे. त्या प्रांतांत बटाट्याविषयीं तिटकारा होता, म्हणून प्रथम तो ओळखूं येणार नाहीं इतका शिजवून घालावा लागला. कमी जळणावर पुष्कळ अन्न शिजावें यासाठीं त्यानें बंदिस्त चुलीही बांधल्या. मात्र इतक्या थोड्या धान्यावर माणसें धडधाकट राहतात याचें त्याला आश्चर्य वाटलें, आणि त्यानें सिद्धान्त काढला कीं, शिजतांना पाण्याचेंच अन्न होत असलें पाहिजे! त्याचें सूप पोट धरून ठेवी तें वाटाण्यामुळें आणि जवामुळें. श्रेय गेलें पाण्याला. आमटी-भाकरीवर वाढलेल्या माणसाला या कोड्याचें उत्तर शोधावें लागलें नसतें. तरी हा विनोदाचा विषय नव्हे. पाण्यांत पोषण आहे असें एकदां मोठ्या माणसानें लिहून ठेवलें म्हणजे दानशूर मंडळींना पाणी वाढविण्यास आधार मिळतो.

त्याची किंमत किती भयंकर असते तें आयर्लंडमध्यें दिसलें. तेथील गरीब कुटुंबाची हंडी म्हणजे तीन पायांचें लोखंडी भांडें. त्यांत बटाटे उकडावयाचे, पाणी निथळून टोपलींत ओतावयाचे आणि सर्वांनीं भोंवतीं बसून ताकाबरोबर खावयाचे. १८४५ सालीं बटाट्यावर रोग पडला, पुढच्या वर्षीं जवळजवळ सारें पीक गेलें, आणि तें भांडें रिकामें झालें. १८४७ च्या फेब्रुवारींत सरकारनें सूपगृहें उघडण्याचा कायदा केला. त्याच सुमारास लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामांकित फ्रेंच आचारी अलेक्सिस सॉयर यानें गरिबांच्या सुपाची कृति वृत्तपत्रांत प्रसिद्ध केली. मांस पाव पौंड, म्हणजे दहा तोळ्यांहूनही किंचित् कमी. पाणी दोन गॅलन, म्हणजे सुमारे नऊ लिटर. थोडी चरबी, कांदे, सालींसकट इतर भाज्या, अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड जव, मीठ आणि चिमूटभर साखर. दिवसांतून एकदां हें भरपेट प्यालें आणि बरोबर एक बिस्किट खाल्लें म्हणजे धट्टाकट्टा मनुष्य आपली शक्ति टिकवूं शकेल, अशी ग्वाही त्यानें दिली.

सर हेन्री मार्श या आयरिश डॉक्टरानें याला स्पष्ट विरोध केला. श्रम करणाऱ्या माणसाला घन अन्न हवें, पातळ द्रव पोटांत ठरत नाहीं, असें त्यानें लिहिलें. पण सॉयरला सरकारनें डब्लिनला बोलाविलें होतें. १८४७ च्या ५ एप्रिलला रॉयल बॅरक्ससमोर त्याचें लांकडी सूपगृह उघडलें. आंत वाफेवर चालणारा तीनशें गॅलनांचा हंडा, लांब मेजांवर शंभर वाडगे आणि प्रत्येक वाडग्याला साखळीनें बांधलेला चमचा. घंटा वाजली कीं शंभर माणसें एका दारानें आंत येत, घाईनें खात आणि दुसऱ्या दारानें बाहेर पडत. वाडगे पुसले जात व पुन्हां घंटा वाजे. उद्घाटनाच्या दिवशीं गरिबांना जेवतांना पाहण्यासाठीं शहरांतील प्रतिष्ठित लोक पांच शिलिंग देऊन आले होते. हे पैसे धर्मादायालाच जाणार होते. तरीही त्या पांच शिलिंगांचा विसर आयर्लंडला पडला नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या वर्षींच्या जुलैंत सरकारी सूपगृहांतून रोज सुमारे तीस लाख माणसें जेवत होतीं, आणि दुष्काळाच्या साऱ्या काळांत सरकारनें योजिलेल्या उपायांपैकीं हाच सर्वांत परिणामकारक ठरला. कोरडें पीठ विकलें जाईल म्हणून शिजलेलेंच अन्न द्यावयाचें, असा नियम होता. त्यामुळें ज्या बाईनें आजवर आल्यागेल्याला टोपलींतून वाढलें, तिनेंच डबा घेऊन चव्हाट्यावर रांगेंत उभें राहावयाचें. कांहीं गांवीं लोकांनीं संतापून हंडे फोडले. कांहीं ठिकाणीं प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या सुपाबरोबर धर्मान्तराचीही अपेक्षा असे. 'सूप घेतलें' हा शब्दप्रयोग आयरिश भाषणांत पुढें कित्येक पिढ्या शिवीसारखा राहिला. आणि शरद ऋतूंत हीं सूपगृहें बंद झाल्यावर तो पातळ रसही मिळेनासा झाला. दुष्काळानें व रोगांनीं आयर्लंडची सुमारे दहा लाख माणसें नेलीं.

सॉयर हा मनानें कठोर नव्हता. १८५५ सालीं क्रिमियन युद्धांत तो स्वखुशीनें स्कूटारीच्या लष्करी रुग्णालयांत गेला. तेथें मांसाचे गोळे खुणेच्या चिंध्यांसकट बांधून पाण्यांत उकळीत आणि तें पाणी फेंकून देत. घरांतील कोणतीही म्हातारी पाहतांच जें ओरडली असती, तें सॉयरनें थांबविलें. पाणी ठेवून त्याचें सूप केलें, मसाला घातला, शिपायांना शिजवावयास शिकविलें. त्यानें योजिलेली चूल ब्रिटिश सैन्यांत विसाव्या शतकांतही वापरांत होती.

त्याच रुग्णालयांतून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलनें १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत मांसरसाचा हिशेब सरळ मांडला आहे: रस आटवून पाहा, अर्ध्या पाइंटाला जेमतेम चमचाभर घन पदार्थ उरतो. परंतु ती तेथें थांबली नाहीं. त्या रसांत शक्ति सांवरून आणण्याचा कांहीं तरी गुण आहे, तो कोणता तें ठाऊक नाहीं, असेंही तिनें नमूद केलें. आयुर्वेदांतही आजारी माणसाला एकदम भात न देतां पेया, विलेपी, यूष आणि मग मांसरस असा क्रम सांगितला आहे. तेथें रस हा अन्नाकडे परत नेणारी पायरी असतो. अन्नाची जागा घेणारी वस्तु नसतो. नाइटिंगेलच्या वाक्यांतील हा भेद लीबिगच्या मांसाच्या अर्काची जाहिरात करणारांनीं पाळला नाहीं. १८६५ पासून उरुग्वेंतील फ्राय बेंतोस येथें सुमारे तीस शेर मांसाचा एक शेर अर्क होऊं लागला, आणि त्या चमच्यांत साऱ्या मांसाचें बळ आहे असें लोक समजले. कुत्र्यांवरील प्रयोगांनीं हीही समजूत लवकरच मोडली. मग तो अर्क पौष्टिक म्हणून न खपतां चवीसाठीं खपूं लागला.

दरम्यान घरोघरच्या हंडीवर निराळेंच संकट आलें होतें. स्वित्झर्लंडच्या कारखान्यांत बायका दिवसभर काम करीत, आणि मंद आंचेवर तीन तास लक्ष ठेवण्यास कोणाला सवड राहिली नव्हती. ज्यूलियस मॅगी या गिरणीमालकानें १८८६ सालीं विकावयास काढलेलें सूप वाटाण्याच्या व शेंगांतील दाण्यांच्या पिठाचें होतें. कढत पाण्यांत घालून थोडा वेळ शिजविलें कीं झालें. डाळीचें पीठ असल्यामुळें त्यांत खरोखरच पोषण होतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्याच कारखान्यानें रसाची चौकोनी वडी काढली. फ्रान्समधील गृहिणींनीं ती विकत घेतली, आणि गाजर, सलगम, कांदा व हाड यांच्या जोडीला, मीठ टाकावें तशी, पोतोफमध्यें टाकली.