संकोचित फायलींचे रूपांतर आणि गिरणगावातील छापील मराठी

गिरगावात शंभर वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक, वाळवी आणि दमट हवा यांच्या तडाख्यातून वाचले असेल तर, आजही उघडून वाचता येते. १९९४ साली लालबाग येथे संगणकावर जुळविलेला मजकूर मात्र, त्याची छापील प्रत नाहीशी झाली असल्यास, मूळ फ्लॉपी हाती येऊनही वाचता येईलच असे नाही. काळाने जवळचे साधन अभ्यासकास दूरचे व्हावे ही स्थिती विपरीत खरी. परंतु तिची कारणे शोधू गेल्यास ती फ्लॉपीच्या झिजण्यापेक्षा लेखनसंकेतांच्या इतिहासात अधिक सापडतात. जुन्या पद्धतीने संकोच करून ठेवलेल्या फायली नव्या पद्धतीच्या गठ्ठ्यांत बदलताना काय टिकते, काय जाते आणि ते का जाते, एवढाच त्या इतिहासाचा भाग प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे.

प्रथम साधनांविषयी. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईतील मराठी जुळणी खिळ्यांच्या केसमधून संगणकावर येऊ लागली. गिरगावातील मुद्रणालयांत जे काम कंपोझिटरांच्या हाती होते त्यातील बरेचसे पुढील दहा-बारा वर्षांत दादर, परळ, लालबाग येथील एकेका खोलीच्या डी.टी.पी. केंद्रांकडे गेले. त्यात ग्रंथ थोडे. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, कामगार संघटनांची पत्रके आणि गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका अधिक. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेशगल्लीचे १९२८ चे, ‘लालबागच्या राजा’चे १९३४ चे. अशा मंडळांच्या परिसरात स्मरणिका हा जवळजवळ स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानावा लागतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर जी वस्ती हळूहळू पालटत गेली तिची आडनावे, तिच्या गावांची नावे, जाहिरातींतील कोकणी व देशावरील वळणे या कागदांत उतरली आहेत. ग्रंथालये असे कागद सहसा जपत नाहीत, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. वर्गणीदारांची यादी ही वाङ्मय म्हणून कोण दाखल करून घेणार?

अशा कामाच्या काही डझन फ्लॉपी लालबागमधील एका निवृत्त जुळणीकाराने प्रस्तुत लेखकास दिल्या. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट एवढाच मजकूर मावे. चित्रांसह एका स्मरणिकेस ती अपुरी पडे. म्हणून काम संपले की फायली संकोचून त्यांचा एक गठ्ठा करावयाचा, आणि तो गठ्ठाही मोठा झाला तर त्याचे तुकडे पाडून दोन-तीन फ्लॉपींवर ठेवावयाचा, अशी त्यांची रीत होती. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधीत, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की या रुमालात बांधताना कागद आकसतो.

तो कसा आकसतो हे समजल्यावाचून पुढील विवेचन ध्यानात यावयाचे नाही. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत वारंवार येणाऱ्या अक्षरास आखूड संकेत व क्वचित येणाऱ्यास लांब संकेत दिला जातो. त्यापुढचे पाऊल हैफा येथील अब्राहम लेम्पेल व जेकब झिव यांनी १९७७ व १९७८ मधील दोन निबंधांत टाकले. ‘मंडळाचे कार्यकर्ते’ हे शब्द प्रथम येतील तेव्हा पुरते लिहावयाचे. पुन्हा आले की ‘इतकी अक्षरे मागे जाऊन इतकी उचला’ एवढेच नोंदावयाचे, हे १९७७ च्या रीतीचे सार. भाषाभ्यासकास या ठिकाणी मोडी पत्रांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत साष्टांग नमस्कार विनंती विशेष सामावलेले असते, ‘रा. रा.’मध्ये राजमान्य राजश्री. हाही संकोचच. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद आहे. मोडीतील संक्षेपाचा कोश वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो. तो वाचक गेला की संक्षेप मुका होतो. लेम्पेल-झिव पद्धतीत कोश बाहेर नसतोच. आधी आलेला मजकूर हाच नंतरच्या मजकुराचा कोश. उलगडण्याची रीत माहीत असली म्हणजे गठ्ठा आपली किल्ली स्वतःबरोबर घेऊन येतो.

आणि ही रीत माहीत राहिली, यात इतिहासाचा मोठा वाटा आहे. १९८५ मध्ये टॉम हेंडरसन यांच्या संस्थेने ‘आर्क’ हा गठ्ठा प्रचारात आणला. मिलवॉकीचे फिल कॅट्झ यांनी त्याच जातीचा अधिक वेगवान प्रोग्राम काढला; १९८८ मध्ये त्यावरून दावा झाला, तडजोड झाली, आणि कॅट्झ यांनी १९८९ मध्ये ‘झिप’ हा वेगळा प्रकार आणला. त्याची अंतर्रचना मात्र त्यांनी लेखी प्रसिद्ध केली व ती कोणासही वापरू दिली. झिप आजतागायत चालू आहे याचे श्रेय वेगाइतकेच या उघडेपणास द्यावयास हवे. जपानात हारुयासु योशिझाकी या वैद्यकी करणाऱ्या गृहस्थांनी १९८८ मध्ये एल.एच.ए.ची परंपरा सुरू केली. रॉबर्ट जंग यांचे ए.आर.जे. त्यानंतर लवकरच आले. युजीन रोशाल यांचे रार १९९३ चे आणि इगोर पाव्हलोव यांचे सेव्हन-झिप १९९९ चे. प्रस्तुत संग्रहात ए.आर.जे.चे प्राबल्य आहे, कारण एका गठ्ठ्याचे अनेक फ्लॉपींवर तुकडे पाडण्याचे काम ते विशेष चोख करीत असे.

आता फायलींच्या आतील मराठीकडे वळू. येथे चित्र अगदी उलटे आहे. पेजमेकरसारखा त्या काळचा पानजुळणीचा प्रोग्राम मराठी जाणत नसे. त्याच्या दृष्टीने सारा मजकूर रोमन अक्षरांचाच. एका फॉन्टमध्ये २५६ घरे, त्यातली काही राखीव. उरलेल्या घरांत अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे बसवावयाची. कोणते चिन्ह कोणत्या घरात बसवावे हे प्रत्येक फॉन्टकाराने आपल्या सोयीने ठरविले. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, सीडॅकच्या फॉन्टांची वेगळी, ‘शिवाजी’ची आणखी वेगळी. इस्की हे राष्ट्रीय प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि तिचा देवनागरी विभाग इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावर आधारलेला. परंतु जुळणीच्या टेबलावर फॉन्टच्या घरांचेच राज्य राहिले. विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय २००० साली आली. तिच्यासाठी ‘मंगल’ हे वळण मुंबईचे रा. कृ. जोशी यांनी रेखाटले. तोपर्यंतचा बहुतेक डी.टी.पी. मजकूर असा आहे की ज्याचा कोश फायलीत नाही, फॉन्टमध्ये आहे. म्हणजे आपण पुन्हा मोडी संक्षेपाच्याच स्थितीत आलो. पानजुळणीच्या फायलीत निदान फॉन्टचे नाव नोंदलेले असते. जुळणीकाराने प्रथम टंकलेल्या साध्या मजकूर-फायलीत तेही नसते.

प्रस्तुत लेखकाने फ्लॉपी उतरवून घेतल्या तेव्हा हा भेद त्याच्या ध्यानात नव्हता, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. निरनिराळ्या पाच-सहा जातींचे गठ्ठे एकाच जातीचे करावे, म्हणजे पुढे चिंता नको, या विचाराने त्याने एक बॅच फाइल लिहिली. बॅच फाइल म्हणजे ओळीने पार पाडावयाच्या आज्ञांची यादी: या फोल्डरातील प्रत्येक जुन्या गठ्ठ्यासाठी तो उलगड, आतील फायली त्याच नावाच्या नव्या सेव्हन-झिप गठ्ठ्यात बांध, जुना पुसून टाक, आणि पुढचा घे. चार ओळींचे काम. रात्री लावून ठेवले, सकाळी संपलेले होते. नव्या गठ्ठ्यांची तपासणी केली, प्रत्येक फाइल निर्दोष ठरली.

दोष हळूहळू उघडकीस आले. पहिला नावांचा. डॉसच्या काळी नावास आठच रोमन अक्षरे मिळत. जुळणीकार स्वर गाळून ‘एस्-एम्-आर्-एन्-के’ एवढ्यात स्मरणिका बसवी. एकाच नावाचा एक गठ्ठा ए.आर.जे. आणि दुसरा झिप अशी जोडी काही ठिकाणी होती: पहिल्यात पहिले प्रूफ, दुसऱ्यात दुरुस्त मजकूर. रूपांतरानंतर दोघांचे नाव एकच झाले. सेव्हन-झिपला अशा वेळी नवा गठ्ठा करावयाचा नसतो. आहे त्याच गठ्ठ्यात तो भर घालतो व समान नावाची फाइल बदलून टाकतो. परिणामी अशा जोड्यांतून एकच प्रत उरली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हानी नाही. परंतु लालबागच्या स्मरणिकेत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे दुरुस्ती कोण करीत असे, कोणत्या शब्दांत करीत असे आणि कोणते बोलीरूप खोडीत असे, याचा पुरावा त्या दोन प्रतींच्या अंतरातच होता.

दुसरा दोष तुकड्यांचा. ज्या गठ्ठ्याचा दुसरा तुकडा खराब फ्लॉपीवर होता, त्याचा पहिला तुकडा उलगडताना प्रोग्रामने अपयशाचा आकडा परत दिला होता. बॅच फायलीत तो आकडा तपासणारी ओळच नव्हती. अर्धवट निघालेली फाइल पूर्ण समजून बांधली गेली, आणि नव्या गठ्ठ्यात ती निर्दोष ठरली. कारण तपासणी असते ती बांधलेल्या मालाची, मूळ मालाची नव्हे.

तिसरा दोष सर्वांत लागला. ए.आर.जे. व झिप या दोहोंत गठ्ठ्याच्या माथ्यावर एक टिपण लिहिण्याची सोय आहे. आपला जुळणीकार शिस्तीचा माणूस. त्याने कित्येक गठ्ठ्यांवर ग्राहकाचे नाव, महिना आणि वापरलेला फॉन्ट हे टिपणात नोंदून ठेवले होते. सेव्हन-झिपमध्ये तशा टिपणास जागा नाही. आतील फायलींचा एकही बिट न हरविता किल्ली तेवढी हरवली. मूळ फ्लॉपी परत केल्या नव्हत्या म्हणून निम्म्याहून अधिक टिपणे पुन्हा मिळाली. काही फ्लॉपी दुसऱ्या वाचनास टिकल्या नाहीत.

ज्यांचा फॉन्ट कळला नाही त्या फायली अज्ञात लिपीसारख्या वाचाव्या लागल्या. काना हे मराठी लेखनात अत्यंत वारंवार येणारे चिन्ह. तेव्हा सर्वाधिक येणारा संकेत तो काना, असे गृहीत धरून आरंभ केला आणि तेथेच फसगत झाली. अशा अनेक फॉन्टांत पूर्ण ‘ग’ किंवा ‘ख’ हे अर्धे अक्षर अधिक उभा दंड असे घडवितात, आणि तो दंड कान्याच्याच घरातला असतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. म्हणून घरास घर लावून बदलणारा प्रोग्राम ‘स्थिती’सारख्या साध्या शब्दावरही अडखळतो, चिन्हे बदलल्यावर त्यांचा क्रमही फिरवावा लागतो. शेवटी उपयोगी पडली ती जाहिरातींच्या पानांवरील नेमाने येणारी स्थलनामे: लालबाग, काळाचौकी, करी रोड, चिंचपोकळी. शिलालेखवाचनात राजनामांनी जे काम केले तेच येथे स्थलनामांनी केले.

युनिकोडात आणल्यावरही एक खाच राहते. मराठीस रफाराखेरीज ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतील चंद्राकार र लागतो. हिंदीस तो लागत नाही. हिंदीसाठी केलेली रूपांतरकोष्टके तो रफारातच जमा करतात. मग कोकणातील ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेले मानधन ‘आचार्यांना’ दिल्याची नोंद होते. शिवाय युनिकोडात हा र दोन प्रकारे लिहिता येतो, ‘ऱ’ला हलन्त लावून किंवा ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसण्यात भेद नाही. शोधात मात्र एकास दुसरा सापडत नाही.

गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हाही मोडीचे बालबोध करावे लागले. परंतु बालबोध प्रत तयार झाली म्हणून मूळ रुमाल कोणी जाळले नाहीत. प्रस्तुत संग्रहासाठी नंतर लिहिलेली बॅच फाइल चाळीस-एक ओळींची झाली आहे. ती नव्या नावात जुन्या गठ्ठ्याची जात जोडते, टिपण वेगळ्या मजकूर-फायलीत उतरवून आत ठेवते, अपयशाचा आकडा आल्यास थांबते, मूळ गठ्ठ्यात नोंदलेली बेरीज-खूण नव्यातून पुन्हा उलगडलेल्या फायलीशी ताडून पाहते, आणि काहीही पुसत नाही. फॉन्टची फाइल मिळाली असल्यास तीही मजकुरासोबत बांधली जाते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आठ-बिटी युनिकोडात तीन बाइट घेते, त्यामुळे रूपांतरित मजकूर फुगतो. परंतु संकोचनानंतर ही वाढ बहुतांशी विरते, तेव्हा जुने व नवे दोन्ही ठेवण्यास जागेची सबब उरत नाही. तीन गठ्ठ्यांतील मजकुराचा फॉन्ट अद्याप ओळखता आलेला नाही. ते ए.आर.जे. रूपातच ठेवले आहेत.